टर्कीची अंडी उबवणं आणि अशक्त पिल्लं जगवणं: गोव्याच्या हवेत काय चालतं

पाऊस लागला की सत्तरी, पेडणे, सांगे, कुठेही जा, तोच प्रश्न येतो. काजूच्या बागेत गवत कापताना मोराची अंडी मिळाली, घरी कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली घालू का? तर नका घालू. आधी हे नीट सांगतो आणि मग मुख्य विषयाकडे वळतो.

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच मोराला. अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं यालाही त्या कायद्यात शिकारच म्हटलंय आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांपर्यंत जाते. मोर शेतातलं पीक खातो हे खरं आहे, भातवाल्यांचा आणि मिरचीवाल्यांचा राग मला कळतो, पण अंडी उचलणं हा त्यावरचा इलाज नाही. लांडोर जमिनीवरच उथळ खड्डा करून साधारण ४ ते ६ अंडी घालते आणि २८ दिवसांच्या आसपास एकटीच बसते, मोर त्यात काही करत नाही. अधूनमधून ती खायला उठून जाते, त्यामुळे घरटं रिकामं दिसलं म्हणून ते सोडून दिलंय असं समजू नका. घरट्याच्या चारी बाजूंनी दोन-तीन मीटर गवत तसंच ठेवा, ग्रास कटरवाल्याला सांगून काठी रोवून खूण करा, कुत्रा बांधून ठेवा आणि महिनाभर तिकडे फिरकू नका, बस. मोराचं पिल्लू एकटं दिसलं तर बहुतेक वेळा आई जवळच झाडीत असते, लांब जाऊन तासभर बघा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही ही समजूत खोटी आहे, म्हणून रस्त्यात आलं असेल तर उचलून झाडीच्या कडेला ठेवायला हरकत नाही. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, कपड्यावर, अंधारात ठेवा, तोंडात काही कोंबू नका आणि वन खात्याला फोन करा.

आता ज्यांना खरंच असे मोठे पक्षी वाढवायचेत त्यांच्यासाठी टर्की आहे. कायद्याची अडचण नाही, नाताळात मागणी असते, आणि अंडं उबवायचं गणित जवळजवळ मोरासारखंच आहे, तेच २८ दिवस, पिल्लांचे तेच नखरे, आजारसुद्धा बरेचसे तेच. गावठी कोंबडीची पिल्लं काढायची सवय असलेला माणूस टर्कीच्या पिल्लांना हात घालतो आणि चौथ्या दिवशी अर्धी पिल्लं मेलेली बघून वैतागतो. माझं म्हणणं असं की अशक्त पिल्लू क्वचितच नशिबाने अशक्त निघतं, बहुतेक वेळा ते अंडं ठेवण्यात, दमट हवेत किंवा पहिल्या तीन दिवसांत आपल्याच हातून अशक्त होतं, म्हणून सुरुवात अंड्यापासूनच करू.

अंडी निवडणं आणि ठेवणं

नाताळासाठी पक्षी तयार हवे असतील तर पिल्लं मे-जूनपर्यंत निघायला हवीत, म्हणजे अंडी एप्रिल-मेमध्ये बसवायची, आणि इथेच गोव्याची पहिली अडचण येते, कारण मे महिन्यात घरातच ३२-३३ अंश असतं. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो, ना धड वाढतो ना धड थांबतो, आणि मग उबवायला ठेवल्यावर मध्येच मरतो. १५ ते १८ अंशांची जागा मिळाली तर ७ दिवस ठेवा, नाही मिळाली तर तीन-चार दिवसांतच अंडी बसवून टाका, डझन पुरं व्हायची वाट बघत बसू नका. फ्रिजमध्ये नकोच, फार थंड होतात आणि बाहेर काढल्यावर कवचावर घाम येतो, त्या ओलाव्यातून जंतू आत जातात. निमुळतं टोक खाली ठेवायचं आणि रोज एकदा बाजू बदलायची. अंडी धुवायची नाहीत, कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, फार घाण असेल तर ते अंडं खाण्याला वापरा. बारीक तडा बघायचा असेल तर अंधारात बॅटरी लावून बघा.

कोंबडीखाली की मशीनमध्ये

गावठी कोंबडी रवणीला बसली असेल तर तिच्यासारखी गोष्ट नाही, लाईट गेली तरी तिचं चालूच. पण टर्कीचं अंडं ७०-८५ ग्रॅमचं, कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरंच मोठं, म्हणून तिच्या अंगाखाली ६-७ च मावतात, हाव धरून १२ घातली की कडेची थंड पडतात. आधी दोन-तीन दिवस साध्या अंड्यांवर बसवून ती टिकते का बघा, कारण तिची सवय २१ दिवसांची आणि इथे तिला २८ काढायचेत. अंगावर उवा-पिसवा असतील तर बसवायच्या आधीच औषध करा, नाहीतर ती कंटाळून उठते आणि निघालेल्या पिल्लांचं रक्त पिसवा पितात. तिला रोज एकदा उठवून दाणा-पाणी द्या. टोपली जमिनीवर ठेवू नका, मुंगूस, धामण आणि उंदीर तिन्ही अंड्यांवर येतात. मुंग्यांचं वेगळं सांगतो, अंड्याला भोक पडलं की लाल मुंग्या त्या वासावर येतात आणि आतलं जिवंत पिल्लू खातात, म्हणून टोपली स्टुलावर आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

कोंबडीचा एक मोठा धोका मात्र आहे. कोंबड्यांच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाचा रोग टर्कीला लागतो. कोंबडीला स्वतःला फारसं काही होत नाही पण टर्कीचं, आणि मोराचंसुद्धा, यकृत खराब होऊन पक्षी मरतो. म्हणून कोंबडी बसवायच्या आधी पशुवैद्यांना विचारून तिला जंताचं औषध द्या आणि पिल्लं निघाली की कोंबड्या जिथे वर्षानुवर्षं चरतात त्या जमिनीवर ती सोडू नका.

मशीन, म्हणजे अंडी उबवायचं इन्क्युबेटर, घेत असाल तर पंखा असलेलं घ्या. पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस, बिनपंख्याचं असेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८. मशीनच्या डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ताप बघायचं चांगलं थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवून पडताळा. हवेतला ओलावा मोजणारा मीटर तर बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडंसं पाणी घालून चिखलासारखं करा, झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून सात-आठ तास ठेवा, मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत, जितका फरक दिसेल तितका पुढे लक्षात ठेवायचा.

पावसातला ओलावा

इथे जरा थांबतो कारण बाहेरच्या व्हिडिओत जे सांगतात ते आपल्याकडे सगळं चालत नाही. पहिल्या २५ दिवसांत मशीनच्या आत ५०-५५ टक्के ओलावा हवा. व्हिडिओवाला सांगतो वाटीत पाणी घाला, आपण घालतो, पण जुलै महिन्यात घरातच हवा ८५-९० टक्के ओली असते. मग अंड्यातलं पाणी सुकतच नाही, रुंद टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते, आणि शेवटी पिल्लू फुगलेलं, ओलसर, कवचात घट्ट बसलेलं असतं, त्याला डोकं फिरवायला जागा नसते आणि ते आतल्या आतच मरतं. पावसाळ्यात २५ दिवस पाण्याची वाटी रिकामी ठेवा आणि हवेची भोकं उघडी ठेवा. तरी मीटर ६० च्या वर राहिला तर मशीन घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत हलवा.

सगळ्यात खात्रीचा उपाय वजनाचा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, बसवताना प्रत्येक अंड्याचं वजन पेन्सिलीने त्याच्यावरच लिहा. २५ व्या दिवसापर्यंत ११ ते १३ टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे ८० ग्रॅमचं अंडं ७० च्या आसपास यायला हवं. १० व्या दिवशी साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसायला हवं, तेवढं उतरलं नसेल तर ओलावा कमी करा, फार उतरलं असेल तर थोडं पाणी घाला. हा काटा असला की मीटर बंद पडला तरी चालतं.

अंडी दिवसातून ३ किंवा ५ वेळा फिरवा, विषम आकडा अशासाठी की रात्रभर दर वेळी वेगळी बाजू वर राहते. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. ८ व्या-१० व्या दिवशी बॅटरीने बघा, लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला तर जिवंत, नुसता पिवळा उजेड दिसला तर वांझ, रक्ताची गोल रेघ दिसली तर मेलेलं. वास येणारं किंवा घाम फुटलेलं अंडं लगेच बाहेर काढा, ते मशीनमध्ये फुटलं तर सगळ्यांचा नाश.

लाईट जाणं तर आपल्याकडे पावसात ठरलेलंच. झाकण उघडू नका, वरून जाड चादर टाका पण हवेची भोकं मोकळी ठेवा, दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. त्याहून जास्त वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते, ३९.५ च्या वर बराच वेळ गेलं तर पिल्लं मरतात किंवा लुळी निघतात, म्हणून घाबरून जास्त गरम करू नका.

शेवटचे तीन दिवस

२५ व्या दिवशी फिरवणं बंद. आता पाण्याची वाटी भरा आणि ओलावा ६५-७० पर्यंत न्या, अंड्यांखाली घसरणार नाही असं काहीतरी घाला, रबराची जाळीदार चटई सगळ्यात बरी. आणि झाकण बंद. उघडलंत की ओलावा बाहेर जातो आणि टोचा मारलेल्या पिल्लाभोवतीचा पापुद्रा कागदासारखा वाळून त्याला चिकटतो.

पिल्लू आधी आतल्या पोकळीत चोच घालून श्वास घ्यायला लागतं, मग बाहेर टोचा मारतं, आणि मग तासन्‌तास काहीच करत नाही. हे गप्प बसणं गरजेचं असतं. त्या वेळात ते पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. १२ तास, कधी २४ तास लागतात. लोक सहाव्या तासाला कवच सोलायला बसतात, रक्त येतं, बलक बाहेर राहतो आणि पिल्लू जातं.

मदत कधी करायची? बाहेर टोचा मारून २४ तास उलटले आणि भोक तेवढंच आहे, किंवा पापुद्रा तपकिरी आणि कडक झालाय, किंवा टोचा निमुळत्या टोकाकडे मारलाय, तेव्हाच. हात साबणाने धुवा, खोली बंद करा, पंखा बंद. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा, पाणी नाकपुड्यांत जाऊ देऊ नका. भोकापासून कवचाचे छोटे तुकडे फक्त रुंद टोकाकडच्या बाजूने काढा. लाल शीर दिसली की थांबा, रक्ताचा थेंब आला तर स्वच्छ कापूस हलका दाबून धरा आणि अंडं परत मशीनमध्ये, तीन-चार तासांनी पुन्हा बघा. डोकं आणि चोच मोकळी झाली की तुमचं काम संपलं, खालच्या अर्ध्या कवचातून पिल्लाला स्वतःच बाहेर पडू द्या, बेंबीकडचा भाग तिथेच असतो.

अशक्त पिल्लू: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

हा क्रम कधी उलटा करू नका. थंड पडलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी घातलं की ते गिळत नाही, श्वासनलिकेत जातं. आणि दाणा तर थंड पोटात पचतच नाही.

निघालेलं पिल्लू मशीनमध्येच वाळू द्या, १२ तास तरी. पोटात बलक असतो, त्यावर दीड-दोन दिवस निघतात, त्यामुळे भुकेने मरेल ही भीती नको. बेंबीवर बीटाडीनचा एक थेंब लावा. बलक थोडा बाहेर लोंबत असेल तर ओढू नका, कापू नका, छोट्या वाटीत स्वच्छ ओलसर फडकं घालून त्यात पिल्लू बसवा म्हणजे हातपाय मारून ते बेंबी फाडणार नाही, आणि वाटी मशीनमध्ये ठेवा. एका दिवसात बहुतेक आत जातो. बेंबी सुजलेली, काळपट आणि पोट मऊ, घाण वास असेल तर तो बेंबीचा संसर्ग, ते पिल्लू लगेच वेगळं करा आणि पशुवैद्यांना दाखवा. यातली बरीच वाचत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो.

मग ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी. थर्मोकोलचं मोठं खोकं किंवा प्लायवूडची पेटी, एका टोकाला बल्ब आणि दुसरं टोक थंड, म्हणजे पिल्लू आपली जागा स्वतः निवडतं. बल्बखाली पहिला आठवडा ३५-३६ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. एलईडीने ऊब मिळत नाही, जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब किंवा लाल इन्फ्रारेड लागतो, आणि तो तारेने दोन ठिकाणी पक्का बांधा, कारण बल्ब तुसावर पडला की आग लागते. पिल्लं बल्बखाली ढिगाने जमून चिवचिवतात म्हणजे थंडी, चोच उघडून कोपऱ्यात पळतात म्हणजे उकाडा, सगळीकडे पसरून झोपलीत म्हणजे बरोबर.

खाली वर्तमानपत्र घालू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि दोन दिवसांत पिल्लू कायमचं लंगडं. पहिला आठवडा गोणपाट किंवा जुना टॉवेल, मग भाताचं तूस. पाय फाकलेच असतील तर पहिल्या दोन दिवसांतच बँड-एड किंवा मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय बांधा, मधलं अंतर तेवढंच ठेवा जेवढं ते नीट उभं राहिल्यावर असतं. रोज सोडून बघा, तीन-चार दिवसांत बहुतेक सरळ होतात. बोटं आत वळलेली असतील तर पुठ्ठ्याचा छोटा चपटा तुकडा कापून त्यावर बोटं पसरून पट्टीने चिकटवा, आणि पाण्यात व्हिटॅमिन बी कॉम्प्लेक्स द्या, कारण बी-२ कमी पडलं की हे होतं. मान मागे वळवून आकाशाकडे बघणारं पिल्लू असेल तर बी-१ आणि ई-सेलेनियमचा विचार करतात, पण सेलेनियम जास्त झालं तर विष आहे, म्हणून मात्रा पशुवैद्यांकडूनच घ्या.

पाणी कोमट द्या. पहिल्या दिवशी पक्ष्यांची इलेक्ट्रोलाइट पावडर, नसेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर किंवा गूळ, एकच दिवस. भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या घाला, पिल्लं पाण्यात पडून बुडतात, ओली होऊन गारठतात, आणि गोट्यांचा चकाकता रंग बघून चोच मारतात त्यामुळे प्यायला शिकतात. एकेकाची चोच अलगद पाण्याला लावून दाखवा. पायाची कातडी सुरकुतलेली दिसली तर पाणी कमी पडलंय, ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ते गिळेपर्यंत थांबा, मग दुसरा. चोच उघडून आत पिचकारी मारू नका.

आता खाणं. टर्कीची आणि मोराची पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवशी मरतात ती बहुतेक उपाशी, समोर दाणा भरलेला असतो. त्यांना तो दाणा खायचा असतो हेच कळलेलं नसतं. मोराच्या पिल्लाला तर लांडोर चोचीतून भरवते. कोंबडीखालची पिल्लं तिच्याकडून शिकतात, मशीनमधल्यांना आपण शिकवायचं. पांढऱ्या फडक्यावर दाणा पसरा, बोटाने टकटक करत राहा, दर दीड-दोन तासांनी. उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा आणि त्यात बारीक चिरलेली हिरवी भाजी, हे हलणारं-चमकणारं दिसतं आणि ती चोच मारतात. आणखी एक युक्ती म्हणजे टर्कीची अंडी बसवल्यावर सातव्या दिवशी त्याच मशीनमध्ये दोन-तीन कोंबडीची अंडी घाला, दोन्ही एकाच दिवशी निघतात आणि कोंबडीची पिल्लं पहिल्या तासापासून खातात, बाकीची त्यांचं बघून शिकतात. मशीनमधून निघालेल्या पिल्लाला आईचे जंत लागलेले नसतात म्हणून हे चालतं, पण आठवड्याने कोंबडीची पिल्लं वेगळी करा. चौथ्या दिवशी प्रत्येकाची अन्नपिशवी, मानेच्या खाली, बोटाने चाचपून बघा, रिकामी लागली त्याला हाताने भरवा.

टर्कीला सुरुवातीला २६-२८ टक्के प्रथिनं लागतात, बाजारातलं ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य, २२-२३ चं असतं, म्हणून उकडलेलं अंडं पहिले दोन आठवडे चालू ठेवा. प्रथिनांसाठी खारं सुकं मासं किंवा सोडे कुटून घालायचा मोह होतो, तो टाळा, मिठाने पिल्लं मरतात. नुसता तांदळाचा कणीकोंडा घालणाऱ्यांच्या पिल्लांचे पाय वाकडे होतात.

शेपटीखाली शी चिकटून भोक बंद झालं असेल तर कोमट ओल्या कापसाने मऊ करून पुसा, कोरडं करा, खोबरेल लावा. ओढू नका, आणि बेंबीची सुकलेली खपली त्याच्या जरा खाली असते, ती शी समजून उपटू नका.

अशक्त पिल्लाला एकटं ठेवू नका, एकटं ठेवलं की ते ओरडून ओरडून दमतं. बाकीची टोचत असतील तर त्याच ब्रूडरमध्ये जाळीचा आडोसा करून एका शांत पिल्लाबरोबर ठेवा. दोन-तीन दिवस हे सगळं करूनही उभं राहत नसेल, गिळत नसेल, तर पशुवैद्यांना विचारून निर्णय घ्या, त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही.

रानीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात आणि पक्ष्यांच्या देवी रोगाची पुढे, तारखा तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, आपल्याकडे डास भरपूर आणि देवी डासांमुळे पसरते. तिसऱ्या आठवड्यापासून शीमध्ये रक्त दिसलं, पंख पाडून बसली तर कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग, पावसाळ्यात ओल्या तुसात हा हमखास होतो, तूस बदला आणि अ‍ॅम्प्रोलियम या औषधाची मात्रा दवाखान्यातून विचारा. गंधकासारखी पिवळी शी दिसली तर वर सांगितलेला ब्लॅकहेड, त्याच दिवशी पक्षी घेऊन दवाखान्यात जा. जमिनीवर सोडायची घाई करू नका, ८ आठवडे तरी जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पावसाच्या झडीपासून आडोशाला ठेवा, आणि सोडाल तेव्हा कोंबड्या कधी न फिरलेल्या, पाणी न साचणाऱ्या उंच भागात सोडा.